जय जगत

जय जगत ही आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) यांनी भूदान पदयात्रेच्या काळात दिलेली घोषणा आणि तिच्यामागील विचार होय. कोणत्याही एका राष्ट्राचा, पंथाचा वा पक्षाचा जयजयकार न करता साऱ्या जगाचा जय चिंतावा, कारण एकाचा जय हा दुसऱ्याचा पराजय ठरेल तोवर युद्धे संपणार नाहीत, असा तिचा आशय आहे. ही घोषणा १९५७ साली कर्नाटकातील पदयात्रेत रूढ झाली. पुढे शांतिसेना, दिल्ली–पेकिंग मैत्री यात्रा आणि एकविसाव्या शतकातील ‘जय जगत २०२०’ ही पदयात्रा या उपक्रमांशी ती जोडली गेली. हवामानबदलाच्या संकटामुळे राष्ट्रांना एकत्र यावे लागेल आणि त्या सहकार्यातून युद्धाचाच अंत होऊ शकेल काय, या आजच्या चर्चेत या विचाराचा पुन्हा उल्लेख होऊ लागला आहे.

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या गावी झाला.

शब्द आणि लेखन

मूळ संस्कृत शब्द ‘जगत्’ असा व्यंजनान्त आहे. मराठी शुद्धलेखनाच्या प्रचलित नियमांनुसार असे तत्सम शब्द अकारान्त लिहिले जातात. त्यामुळे ‘जय जगत’ हे लेखन योग्य ठरते. जुन्या सर्वोदय साहित्यात ‘जय जगत्’ असेही आढळते. धातुदृष्ट्या जगत् म्हणजे ‘जे सतत चालते ते’. गावोगाव पायी हिंडणाऱ्या माणसाने हाच शब्द निवडावा हा योगायोग असला तरी तो चपखल आहे.

विश्वकल्याणाची प्रार्थना मराठीला नवी नाही. ज्ञानेश्वरांचे पसायदान हे तिचे सर्वपरिचित रूप आहे आणि विनोबांच्या वाङ्मयावर ज्ञानदेवांचा ठसा स्पष्ट दिसतो. पसायदान ही ईश्वराकडे केलेली मागणी आहे, तर ‘जय जगत’ हे माणसांनी एकमेकांना करावयाचे अभिवादन आहे. हा भेद लक्षात घेतला नाही, तर घोषणेतील राजकीय आशय हातून निसटतो.

पार्श्वभूमी

विनोबांची बालपणीची सुमारे दहा वर्षे गागोद्यात गेली. त्यानंतर कुटुंब बडोद्याला गेले. घरचा फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवायचे आणि मग आपण खायचे, ही आईने लावलेली सवय त्यांनी आठवणींत नोंदवली आहे. १९१६ साली त्यांनी घर सोडले आणि त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात गांधीजींची भेट घेतली.

युद्धविरोधाशी त्यांचा सार्वजनिक संबंध १९४० साली आला. दुसऱ्या महायुद्धात भारताला त्याच्या संमतीविना ओढल्याच्या निषेधार्थ गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला व पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे त्यांनी युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहास प्रारंभ केला. दुसरे सत्याग्रही म्हणून जवाहरलाल नेहरूंची निवड झाली होती. ‘जय जगत’ ही वृद्धापकाळी सुचलेली भाबडी सदिच्छा होती असे पुष्कळदा समजले जाते, म्हणून हा तपशील महत्त्वाचा ठरतो. युद्धाला विरोध केल्याबद्दल या माणसाने प्रत्यक्ष तुरुंगवास भोगला होता.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढील तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबा पायी हिंडत राहिले. भूदानातून ग्रामदान निघाले, आणि ग्रामदानाचा विचार करता करता ‘जय जगत’ पुढे आले. वरकरणी हा क्रम उलटा वाटतो, कारण गावाकडून एकदम जगाकडे झेप घेतली आहे. विनोबांची मांडणी मात्र अशीच होती. विज्ञानाच्या युगात गाव आणि जग ही दोन टोके खरी आहेत. माणसाचा रोजचा व्यवहार गावात चालेल आणि त्याच्या विचाराचा परीघ जगाएवढा असेल. मधली राज्ये, राष्ट्रे आणि त्यांच्या सीमा या व्यवस्थेच्या सोयी आहेत व त्यांचे महत्त्व कालांतराने ओसरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

विज्ञान आणि हिंसा यांचा संयोग सर्वनाशाकडे नेईल, तर विज्ञान आणि अहिंसा यांचा संयोग सर्वोदयाकडे, हे सूत्र ते पदयात्रेत वारंवार सांगत. अण्वस्त्रांपेक्षा लहान शस्त्रांची आपल्याला अधिक भीती वाटते, असेही ते म्हणत. अण्वस्त्र माणसाला निदान थांबून विचार करायला लावते, आणि लहान शस्त्र हिंसेची सवय लावते, असा त्यामागील तर्क होता. पुढील सहा दशकांतील युद्धांचा इतिहास पाहता हा तर्क हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

शांतिसेना आणि १९६२ चे युद्ध

१९५७ सालीच केरळमध्ये विनोबांनी शांतिसेनेची स्थापना केली. तेथील ज्येष्ठ गांधीवादी के. केळप्पन तिच्या आरंभीच्या प्रमुखांपैकी होते. दंगलीच्या ठिकाणी नि:शस्त्र स्वयंसेवकांनी जाऊन उभे राहावे आणि एरवी गावसेवा करावी, अशी तिची कल्पना होती. पुढे जयप्रकाश नारायण व नारायण देसाई यांनी तिचे काम वाढवले.

या विचाराची खरी कसोटी ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले तेव्हा लागली. विनोबांनी त्यास आक्रमणच म्हटले आणि सरकारच्या लष्करी प्रतिकाराला विरोध केला नाही. देशाने अहिंसक प्रतिकाराची शक्ती कमावलेली नसताना सरकारने शस्त्र खाली ठेवावे असे म्हणणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटत नव्हते. सर्वोदय कार्यकर्त्यांत यावरून तीव्र मतभेद झाले. काहींना ही गांधीविचाराशी तडजोड वाटली.

या मतभेदांतूनच दिल्ली–पेकिंग मैत्री यात्रा निघाली. १९६२ च्या आरंभी लेबनॉनमधील ब्रुमाना येथे स्थापन झालेले जागतिक शांतिदल आणि शांतिसेना यांनी ती संयुक्तपणे आखली. १ मार्च १९६३ रोजी राजघाटावरून निघालेल्या या यात्रेचे नेतृत्व शंकरराव देव यांच्याकडे होते. स्वातंत्र्यचळवळीतील काँग्रेसचे नेते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, अशी महाराष्ट्राला त्यांची ओळख आहे. भारतीयांसोबत अमेरिका, जपान आदी देशांतील शांतिवादीही चालत होते. चीनने प्रवेश दिला नाही. पूर्व पाकिस्तान व ब्रह्मदेश यांची वाटही मिळाली नाही. १९६४ च्या आरंभी आसामात यात्रा संपली. वाटेत अनेक गावांत त्यांना देशद्रोही म्हणून हिणवले गेले.

सतीश कुमार आणि ई. पी. मेनन या दोन तरुणांनी त्याआधीच, १९६२ साली, दिल्लीहून अण्वस्त्रविरोधी पदयात्रा सुरू केली होती. पैसे जवळ बाळगू नका, हा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्या गाठताना ते पाकिस्तानातूनही पायी गेले. दोघांना जे साधले ते संघटित यात्रेला साधले नाही.

हवामान-सहकार्य आणि युद्धाचा अंत

विनोबांच्या हयातीत हवामानबदल हा जागतिक राजकारणाचा विषय झाला नव्हता. त्यांच्या मांडणीत जगाला एकत्र आणणारे भय अण्वस्त्राचे होते. आज तेच स्थान वातावरणाच्या तापमानवाढीला दिले जाते. युक्तिवाद असा की, कार्बन डायऑक्साइड सीमा ओळखत नाही, कोणतेही राष्ट्र एकट्याने स्वत:ला वाचवू शकत नाही, म्हणून सर्वांना सहकार्य करावेच लागेल आणि सहकार्याची सवय लागली की युद्ध निरर्थक होईल. या युक्तिवादाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध इतिहासावर तपासून पाहावा लागतो.

अनुकूल दाखल्यांत अंटार्क्टिका करार अग्रभागी येतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना १ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ यांसह बारा देशांनी त्यावर सह्या केल्या व त्या खंडावर लष्करी हालचालींना बंदी घातली. ती आजही पाळली जाते. ओझोन थराच्या रक्षणासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेला माँट्रियल करार हा दुसरा दाखला होय. हवामान वा पर्यावरणात फेरफार करून त्याचा शस्त्र म्हणून वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली अमलात आला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने ढगांवर रसायनांची फवारणी करून पाऊस वाढवण्याचा प्रयत्न केला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. २००७ चे नोबेल शांतता पारितोषिक हवामानबदलविषयक आंतरशासकीय समिती आणि अल गोर यांना विभागून देण्यात आले. हवामान आणि शांतता यांचा संबंध तेव्हा औपचारिकरीत्या मान्य झाला, असे म्हणता येईल.

प्रतिकूल दाखले अधिक जवळचे आहेत. सिंधू जलवाटप करार १९ सप्टेंबर १९६० रोजी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झाला. १९६५, १९७१ आणि १९९९ या तिन्ही संघर्षांच्या काळात तो टिकून राहिला, आणि म्हणून पाण्यावरील सहकार्याचा आदर्श म्हणून तो जगभर शिकवला गेला. परंतु तो टिकला याचा अर्थ त्याने युद्धे थांबवली असा होत नाही. करार आणि युद्धे शेजारी शेजारी चालत राहिली. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. सहकार्याचा करार हा दोन्ही पक्षांमधील विश्वासाचा परिणाम असतो. विश्वास संपला की कागद तो पुन्हा निर्माण करू शकत नाही.

१२ डिसेंबर २०१५ च्या पॅरिस कराराचे रशिया व युक्रेन हे दोघेही सदस्य होते. त्यामुळे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेले आक्रमण टळले नाही. उलट पुढच्याच महिन्यात आर्क्टिक परिषदेतील इतर सात देशांनी रशियासोबतचे काम थांबवले. वितळत्या हिमाचा अभ्यास करणारे सहकार्यच युद्धाचा पहिला बळी ठरले.

लष्करांचे स्वत:चे उत्सर्जन हा या चर्चेतील दुर्लक्षित भाग आहे. १९९७ च्या क्योटो करारात अमेरिकेच्या आग्रहावरून लष्करी इंधनवापराचा मोठा हिस्सा हिशेबाबाहेर ठेवण्यात आला. पॅरिस करारात अशी सूट नाही, पण माहिती देणे ऐच्छिक आहे. जगातील एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ५.५ टक्के वाटा लष्करांचा असावा, असा २०२२ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे; खुद्द युद्धात जळणारी शहरे व त्यांची पुनर्बांधणी त्यात धरलेली नाही. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला पाहिजे. हवामान-सहकार्याने युद्ध थांबेल काय, हा एक. आणि सैन्ये आहेत तशीच ठेवून हवामानाचे उद्दिष्ट गाठता येईल काय, हा दुसरा. ‘जय जगत’ विचाराचे अभ्यासक दुसऱ्या प्रश्नाला अधिक महत्त्व देतात आणि तेच अधिक सयुक्तिक आहे.

हवामानबदलामुळे युद्धे वाढतील काय, याविषयी सावध निष्कर्ष काढला जातो. वरील आंतरशासकीय समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार हवामानाचा परिणाम देशांतर्गत हिंसक संघर्षांवर होतो. तथापि दारिद्र्य, दुर्बल शासनव्यवस्था यांसारख्या सामाजिक-आर्थिक कारणांच्या तुलनेत तो आजवर कमी राहिला आहे. सीरियातील २०११ पूर्वीचा दुष्काळ आणि तेथील यादवी यांचा संबंध किती, यावर विद्वानांत एकमत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामानबदलावर पहिली चर्चा एप्रिल २००७ मध्ये झाली. हवामान हा सुरक्षेचा प्रश्न मानावा, असा ठराव १३ डिसेंबर २०२१ रोजी रशियाने नकाराधिकार वापरून फेटाळला. भारतानेही त्याच्या विरोधात मत दिले. हवामानाचा विचार सर्व देशांना समान स्थान असलेल्या हवामान परिषदेतच व्हावा, पाच बड्या राष्ट्रांच्या हाती तो जाऊ नये, ही भारताची भूमिका होती. ती ‘जय जगत’च्या विरोधी आहे असे मानण्याचे कारण नाही, किंबहुना जगाचा जय म्हणजे बलवानांचा जय नव्हे, हाच त्या घोषणेचा एक अर्थ आहे.

सियाचेन हिमनदीचे उदाहरण भारतीय वाचकाला विशेष बोलके वाटेल. १९८४ पासून तेथे भारत व पाकिस्तान यांची सैन्ये समोरासमोर आहेत आणि गोळीबारापेक्षा थंडी, विरळ हवा व हिमस्खलन यांनीच अधिक जवान गमावले आहेत. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथील पाकिस्तानी तळ हिमस्खलनात गाडला जाऊन १४० जण मृत्युमुखी पडले. या हिमनदीला संयुक्त संशोधनक्षेत्र किंवा ‘शांतता उद्यान’ करावे, अशी सूचना अनेकदा पुढे आली आहे. सैन्यस्थितीची नोंद कशी करायची, या मुद्द्यावर बोलणी अडली.

जय जगत २०२०

या घोषणेला हवामानाशी थेट जोडणारा उपक्रम म्हणजे ‘जय जगत २०२०’ ही दिल्ली ते जिनिव्हा पदयात्रा. एकता परिषदेचे संस्थापक पी. व्ही. राजगोपाल यांच्या नेतृत्वाखाली ती २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या १५० व्या जयंतीस, राजघाटावरून निघाली. दारिद्र्यनिर्मूलन, सामाजिक भेदभावाचे निर्मूलन, हवामान-न्याय आणि संघर्षांचे अहिंसक निवारण अशी तिची चार सूत्रे होती. महाराष्ट्रात सेवाग्रामपर्यंत येऊन यात्रा पुढे परदेशी गेली. मार्च २०२० मध्ये पथक आर्मेनियात असताना करोनाच्या साथीमुळे ती थांबवावी लागली. राजगोपाल यांना २०२३ चे निवानो शांतता पारितोषिक मिळाले.

पथक जेथे थांबले त्या आर्मेनियाचे आणि अझरबैजानचे २७ सप्टेंबर २०२० रोजी नागोर्नो-काराबाखवरून युद्ध पेटले. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो प्रदेश पूर्णपणे ताब्यात घेतला आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियनांनी घरे सोडली. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये उभय देशांनी संयुक्त निवेदन काढले. अझरबैजानने ३२ व आर्मेनियाने २ कैदी सोडले, आणि २०२४ ची हवामान परिषद बाकू येथे भरावी यासाठी आर्मेनियाने स्वत:ची उमेदवारी मागे घेऊन पाठिंबा दिला. हवामान परिषदेचे यजमानपद दोन शत्रूंमधील समझोत्याचा भाग झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पण हा समझोता युद्धाचा निकाल लागल्यानंतरचा आहे, आणि विस्थापितांचा प्रश्न त्यात आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये या दोन देशांच्या शांतता कराराच्या मसुद्यावर वॉशिंग्टन येथे आद्याक्षऱ्या झाल्या.

पेण–रोहा परिसर

पेण व रोहा हे शेजारी तालुके आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या विचाराशी एकाहून अधिक व्यक्तींमुळे जोडले गेले आहेत. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात झाला. १९५४ साली जपानमधील जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी भाग घेतला होता. ‘वृक्षमंदिर’ या सामूहिक वृक्षसंगोपनाच्या प्रयोगाचे ते जनक होत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्यांचा जन्म महाडजवळील नाते येथे झाला. महायुद्धोत्तर जगाची आर्थिक घडी बसवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य होते. विनोबा (१९५८), देशमुख (१९५९) आणि आठवले (१९९६) या तिघांनाही रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या परिसरात हवामानाचा प्रश्न पुस्तकी नाही. पेण तालुक्याच्या पश्चिमेकडील भातशेतीचा मोठा भाग भरतीच्या पातळीखाली असून धरमतर खाडीलगतच्या मातीच्या बांधांनी तो राखला जातो. यास खारबंदिस्ती म्हणतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी हा तिचा प्राण. उधाणात बांधाला एका ठिकाणी खांड पडली तरी खारे पाणी सगळ्या शेतांत शिरते आणि जमीन पुढची काही वर्षे पिकत नाही. त्यामुळे बांधाची डागडुजी पूर्वी गावकरी सामुदायिक श्रमाने करीत. भावकीतली भांडणेही त्या रात्रीपुरती बाजूला ठेवावी लागत. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही जबाबदारी क्रमश: शासनाकडे गेली. समुद्राची पातळी वाढत असताना या बांधांची उंची आणि देखभाल हा तालुक्यातील जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. रोहा तालुक्यातील नागोठणे येथे जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेला महापूर, २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ या आपत्ती येथील लोकांच्या स्मरणात आहेत.

खारबंदिस्तीचा दाखला हवामान-सहकार्याच्या समर्थनार्थ सहज सुचतो, पण तो पुरता लागू पडत नाही. बांधावर राबणाऱ्या सर्वांचे शेत एकाच पाण्याखाली जाणार असते. हवामानबदलात मात्र ज्यांनी सर्वाधिक उत्सर्जन केले आणि ज्यांचे शेत बुडणार ते वेगवेगळे आहेत. पॅरिस करारातून अमेरिका २०२० साली बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा माघार जाहीर केली. खाडीकाठच्या गावात बांधाचे काम असे सोडून जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला तोंड दाखवावे लागते. जागतिक पातळीवर अशी लाज निर्माण करणारी व्यवस्था नाही, ही ‘जय जगत’ विचारापुढील मुख्य अडचण होय.

टीका

विनोबा व्यवस्थेपेक्षा हृदयपरिवर्तनावर अधिक विसंबले, हा मुख्य आक्षेप आहे. भूदानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. त्यातील बरीचशी नापीक, वादग्रस्त वा न वाटलेली राहिली. गावात जे पुरते साधले नाही ते राष्ट्राराष्ट्रांत कसे साधणार, असा प्रश्न समाजवादी व साम्यवादी टीकाकारांनी विचारला. आणीबाणीच्या काळातील त्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दप्रयोगामुळे त्यांच्या नैतिक अधिकारासंबंधीही प्रश्न उपस्थित झाले. त्या शब्दाचा त्यांना अभिप्रेत अर्थ आचार्यांचे अनुशासन असा होता, हे त्यांनी नंतर स्पष्ट केले, तरी सरकारने तो आपल्या प्रचारासाठी वापरला होता.

समर्थकांचे म्हणणे असे की, विनोबांनी जागतिक सरकारची घाई कधीच केली नाही. भारत, पाकिस्तान यांच्यासह अफगाणिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन यांचा मैत्रीसंघ व्हावा, ही त्यांनी सुचवलेली पहिली पायरी होती. हिमालयातील हिमनद्या, मोसमी पाऊस आणि बंगालचा उपसागर या सामाईक आधारांवर जगणाऱ्या देशांचा तो नकाशा आहे. दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य परिषदेत हे पाचही देश नाहीत (ब्रह्मदेश सदस्य नाही), आणि २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर त्या परिषदेची शिखर बैठक झालेली नाही.

गागोदे येथे विनोबांचे जन्मस्थान जतन केलेले असून सर्वोदय कार्यकर्ते व विद्यार्थी तेथे भेट देतात. विनोबा विचाराच्या संस्थांमध्ये पत्राचा शेवट आणि भेटीचे अभिवादन ‘जय जगत’नेच करण्याचा प्रघात अद्याप आहे.